काकांची पद्धत

निरंजनच्या कारखान्यातल्या भट्टीला भोक पडलं त्याला त्या रविवारी पंधरा दिवस झाले होते. तेवढेच दिवस त्याची चुलतबहीण विनीता रोज सकाळी त्या भट्टीवरच्या खेलावनसाठी डबा नेत होती. दवाखाना समता कॉलोनीत तिच्या घरापासून चार घरं पुढे. खेलावनचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आणि दोन्ही हात भाजले होते. जीव वाचला, एवढंच डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले होते. आता ते बोटांबद्दल बोलू लागले होते, कुठली वाकतील आणि कुठली नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यातून ती परस्पर माहेरी, चौबे कॉलोनीत आली. रविवारचं जेवण बाबांकडे, हा नेम तिच्या लग्नानंतरही मोडला नव्हता. आईने, इंदूताईंनी, गोळाभात केला होता, शेगडीवर कढी होती. बाबा, अनंतराव, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला चष्मा लावून, वहीचं पान पुढ्यात घेऊन बसले होते. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मानाने त्यांचं अक्षर अजून ठसठशीत होतं.

"बुधवारी बोलाले किती वेळ देऊन राहिले, निधी?" त्यांनी विचारलं.

"बीस मिनट, आजोबा. पर आपको कोई रोकेगा नहीं."

विनीताच्या धाकट्या भावाची, शिरीषची, ही पोट्टी उद्योग विभागाच्या कार्यालयात होती. शहराबाहेरच्या सिलतरा औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदारांची दर बुधवारी बैठक भरवायची आणि एका कारखान्याने आपल्याला चांगलं जमणारं एक काम बाकीच्यांना सांगायचं, ही कल्पना तिने आणि कारखानदारांच्या संघाने मिळून काढली होती. निरंजनच्या कारखान्यातल्या अपघातानंतर पहिला विषय आपोआप ठरला: भट्टीचं अस्तर. आणि पहिला वक्ताही.

सिलतऱ्यात अस्तराला सगळे लायनिंग म्हणत. विजेच्या भट्टीत तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं असतं, नळ्यांतून पाणी खेळतं आणि वेटोळ्याच्या आत लोखंड वितळतं. पाणी आणि लोखंड या दोघांच्या मध्ये असतं ते चार बोटं जाडीचं, गारगोटीच्या भुकटीचं अस्तर. ते फाटलं की काय होतं, ते खेलावनच्या पायावर लिहिलेलं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपातली नोकरी सोडून अनंतरावांनी भट्टी टाकली तेव्हा त्यांच्या अस्तरात सलग पंधरा वेळा, म्हणजे पंधरा हीट, लोखंड वितळे, इतरांच्यात दहा वेळा. तेव्हापासून त्या भरण्याला 'काकांची पद्धत' हे नाव पडलं होतं.

"बाबा, तुम्ही जाऊ नका," शिरीष म्हणाला. तो आतापर्यंत मुकाट्याने ताटं मांडत होता.

"काहून?"

"काहून म्हणजे? बुधवारी आपण सांगायचं आणि गुरुवारी आपला ग्राहक दुसऱ्याच्या गेटात. आज आपलं अस्तर सत्तावीस हीट चालते. आपल्याजवळ दुसरं आहे काय?"

"पापा," निधी म्हणाली, "मशीन सबकी वही है, बिजली वही, माल वही. फिर भी किसी की लाइनिंग सत्ताईस चलती है, किसी की बारह. फरक सिर्फ जानकारी का है. और जानकारी ऐसी चीज है कि बाँटो तो अपने पास से घटती नहीं."

"ते नाही घटत. ग्राहक घटतो."

"एक-दो जाएँगे. पर बीस भट्टियाँ ठीक चलीं तो बाहर की बड़ी कंपनी पूरा काम सिलतरा को देगी. आज वो लोग आते हैं, दो फैक्टरी अच्छी देखते हैं, बाकी देखकर लौट जाते हैं. अकेले आप उनका काम पूरा कर सकते हो क्या?"

"बुधवारी मी जातो आहे," अनंतराव शांतपणे म्हणाले आणि पानाची घडी घातली. इंदूताईंनी सगळ्यांना भात वाढला, वर गोळे कुस्करले, कडकडीत तेल घातलं. "जेवताना भट्टी नको," त्या म्हणाल्या.

पण विनीताला निरोप द्यायचाच होता. "बाबा, निरंजन भेटला दवाखान्यात. म्हणे, काकांले विचारजो. आम्ही तं सगळं त्यांनी शिकवलं तसंच केलं होतं, एका गोष्टीचाही फरक नाही. मग कुठं चुकलो?"

अनंतरावांचा घास हातात राहिला. चौदा वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा हा मुलगा वेगळा झाला तेव्हा त्यांनीच भिंत घालून त्याला अर्धी जागा दिली होती. कारखाने दोन झाले, बोलणं लग्नाकार्यापुरतं उरलं. "तसंच केलं होतं?" ते पुटपुटले.

"हो. आणि आज तीन वाजता नवीन अस्तर भरून राहिले ते."

तिने हे सांगितलं तेव्हा तिची नजर सहज शिरीषकडे गेली. तो ताटावरून उठला होता. भात तसाच होता.

*

मागच्या व्हरांड्यात नळाखाली हात धरून शिरीष नुसताच उभा होता. विनीता मागे आली आणि तिने नळ बंद केला.

"काय झालं तुले?"

"काही नाही."

"शिरीष, मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. निरंजनचं नाव काढलं की तू चिडतोस, हे मले माहीत आहे. आज तू चिडला नाहीस. तू भ्यालास."

शिरीष पायरीवर बसला. कुंपणावरून शेजाऱ्यांचा मुनगा, म्हणजे शेवगा, इकडे वाकला होता, त्याच्या शेंगांकडे तो बघत राहिला. सांगायला सुरुवात कुठून करावी, हे त्याला बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

"बाबांची पद्धत आम्ही कधीचीच सोडली, ताई."

"म्हणजे?"

"बाबा भुकटीत थोडं पाणी शिंपडून ठोकायचे. त्या काळी तेच चांगलं होतं. पण पाणी पूर्ण वाळत नाही, आत बारीक भेगा राहतात. मोठ्या कारखान्यांत कोरडं भरतात. आपल्या मिस्त्रीचा, बिसाहूचा, साडू तशा एका कारखान्यात भट्टीवर होता. कुठल्याशा लग्नात दोघं बोलत बसले आणि बिसाहूनं येऊन मले सांगतलं. आम्ही करून पाहिलं. पंधराची एकदम चोवीस हीट झाली."

"आणि बाबांले?"

"तेव्हा त्यांची बायपास झाली होती. वाटलं, बरे झाले की सांगू. मग सांगणं राहिलं." तो थांबला. "दसऱ्याले पूजेले कारखान्यात येतात ना ते? पहिल्या थरावर आपल्या हातानं पाणी शिंपडतात. ते गेले की बिसाहू तो थर काढून टाकतो."

विनीताला हसू आलं नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"म्हणून तू त्यांना बुधवारी जाऊ देत नव्हतास."

"सगळ्यांसमोर जुनं सांगतील. अर्धे लोक हसतील. आणि उरलेले तसंच करतील."

"निरंजननं तेच केलं होतं."

"हो."

"तुले हे केव्हा कळलं?"

"भोक पडलं त्याच दिवशी. मी भिंतीवरून पाहिलं, त्यांच्याकडे पाण्याची बादली होती." त्याचा आवाज अगदी साधा होता. "पण खरं सांगू तं, भिंतीपलीकडचा माणूस काय करतो ते मले आधीपासून ठाऊक होतं, ताई. दोन वर्षांपूर्वीही दिसलं होतं. म्हटलं, त्याचं तो पाहील. आपण काहून सांगायचं?"

"तुले तं बिसाहूच्या साडूनं लग्नाच्या मांडवात फुकट सांगतलं."

आत ताटं उचलल्याचा आवाज आला.

"खेलावनच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकणार नाहीत, असं आज डॉक्टर म्हणाले," विनीता म्हणाली. "सव्वा वाजला आहे. बाबांले तू सांगतोस, का मी सांगू?"

*

अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. शिरीष उभ्यानेच बोलला, शाळेत गुरुजींसमोर उभा राहावा तसा. त्याचं बोलणं संपलं तेव्हा इंदूताईंच्या हातात कढीचं पातेलं तसंच होतं.

"दसऱ्याले मी शिंपडलेलं," अनंतरावांनी विचारलं, "बिसाहू काढून टाकायचा?"

"हो, बाबा."

"दरवर्षी?"

"हो."

बिसाहू त्यांच्यासमोर हात बांधून 'हव बाबूजी, हव बाबूजी' म्हणत उभा असायचा, ते त्यांना आठवलं. भट्टीवरची पोरंही उभी असायची. सगळ्यांना माहीत होतं. त्यांना लाज वाटली. एवढी वर्षं सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं, लहान मुलाला घ्यावं तसं. त्यांना शिरीषवर ओरडावंसं वाटलं. मग खेलावनचा पाय आठवला आणि ओरडणं तोंडापर्यंत आलंच नाही.

"मले नाही सांगतलं, ते ठीक आहे," ते म्हणाले. "मी म्हातारा. पण निरंजन ते माझ्याच हाताखाली शिकला होता. त्याले तरी सांगायचं."

शिरीषने मान खाली घातली.

"विनीता, फोन लाव त्याले."

निरंजनने ताईचा फोन उचलला. अनंतरावांनी तो हातात घेतला. "निरंजन, मी बोलतो. भरणं सुरू केलं काय? नाही ना? थांब मग. पाण्याचा एक थेंब घालू नको. मी येतो." पलीकडून काही प्रश्न आला असावा. "आल्यावर सांगतो. तू थांब फक्त."

फोन ठेवून ते शिरीषकडे वळले. "आता मले समजाव. कोरडं काहून टिकते?"

"बाबा, गाडीत सांगतो."

"गाडीत नाही. स्वतःले समजल्याशिवाय मी त्या पोट्ट्याच्या दारात जाणार नाही."

शिरीष क्षणभर गोंधळला. मग स्वयंपाकघरात गेला आणि साबुदाणा, तांदूळ, रवा असे तीन डबे घेऊन आला. "अरे, तो रवा उद्याच्या नाश्त्याच्या चिल्याचा आहे," इंदूताई म्हणाल्या, पण बाजूला झाल्या. त्याने एका काचेच्या बरणीत तिन्ही मिसळून भरले, काठापर्यंत. मग चमच्याचा दांडा वरून खोल टोचत, बरणी टेबलावर आपटत गेला. रवा तांदळाच्या फटीत, तांदूळ साबुदाण्याच्या फटीत उतरला. पातळी दोन बोटं खाली गेली.

"मोठा दाणा, मधला दाणा, बारीक. टोचून टोचून मधली हवा काढायची. थर लहान लहान घ्यायचे. आता हे पाहा." दुसऱ्या बरणीत त्याने पाण्याचा हबका मारून तेच मिश्रण भरलं आणि तसंच आपटलं. रव्याच्या गाठी झाल्या. काचेला चिकटलेल्या गाठींच्या मागे पोकळ्या स्पष्ट दिसत होत्या.

अनंतरावांनी बरणी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ फिरवून पाहिली. पन्नास वर्षं लोखंडाबरोबर काढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नव्हतं.

"लोखंड इथून शिरते," पोकळीवर बोट ठेवून ते म्हणाले.

"हो."

"आणि पहिल्या वेळी तापवताना?"

"हळू. आपण चार तास घेतो. तुम्ही दोन घ्यायचे."

"घाई होती तेव्हा," अनंतराव म्हणाले. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि पायात चपला सरकवल्या. "चाल."

*

निरंजनच्या शेडमध्ये भुकटीची पोती उघडून ठेवलेली होती. भट्टीत पत्र्याचा फर्मा उभा केला होता, त्याच्याभोवती अस्तर भरायचं होतं. सहा माणसं रिकामी बसली होती. काकांचा फोन आल्यापासून निरंजनने कुणाला कशाला हात लावू दिला नव्हता.

गेटात गाडी आली तेव्हा त्याला आधी काका दिसले, मग गाडी चालवणारा शिरीषदादा. चौदा वर्षांत दादाने या गेटाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मागून मोटारसायकलवर बिसाहूही आला.

"माझी पद्धत चुकीची झाली होती, निरंजन," काका खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले. "जुनी झाली. मले माहीत नव्हतं."

"काका, असं काहून म्हणता?"

"बाबांले माहीत नव्हतं," शिरीष मध्येच बोलला. "मले होतं. बारा वर्षांपासून. तुझ्याकडे पाणी घालून भरतात, हेही माहीत होतं. मी बोललो नाही."

निरंजनने आधी ते नीट ऐकलंच नाही. ऐकलं तेव्हा तो दादाच्या अगदी जवळ गेला. खेलावनला पोत्यात गुंडाळून गाडीत घालताना तो पांढरा पडला होता, 'भैया, मोर गोड़, मोर गोड़' असं पाय दाखवत ओरडत होता. ते सगळं निरंजनच्या डोळ्यांसमोर पुन्हा आलं.

"बारा वर्षं, दादा?"

"हो."

"भिंत आहे आपल्या मध्ये. समुद्र नाही."

शिरीषने सफाई दिली असती तर निरंजनने बहुतेक त्याला गेटाबाहेर काढलं असतं. पण तो नुसता उभा होता. मजूर बघत होते. काका खुर्चीवर बसले होते आणि त्यांनीही मध्ये तोंड घातलं नाही.

"खेलावनच्या बायकोले हे कोण सांगेल?" शेवटी निरंजनने विचारलं.

"मी सांगीन. उद्या सकाळी, विनीताताईसोबत जातो."

"आणि बुधवारी? सगळ्यांसमोर? हेच, जसं मले सांगतलं तसं?"

"सांगीन," शिरीष म्हणाला.

निरंजन मागे सरला. राग गेला नव्हता आणि तो इतक्यात जाणारही नव्हता, हे त्याचं त्याला कळत होतं. पण भट्टी रिकामी होती आणि सोमवारी माल द्यायचा होता. "दाखव," तो म्हणाला.

बिसाहूने शर्ट काढून खुंटीला टांगला. तो आणि शिरीष भट्टीच्या काठावर गुडघे टेकून बसले. पहिला थर पडला. बिसाहू लोखंडी काटा टोचत गोल फिरू लागला आणि निरंजनच्या माणसांना छत्तीसगढीत सांगू लागला, किती खोल, किती वेळा. तिसऱ्या थराला निरंजनने काटा स्वतःच्या हातात घेतला. त्याचा वेग जास्त होता. शिरीषने त्याच्या मनगटाला धरून तो कमी केला. अंधार पडायच्या आत अस्तर भरून झालं.

*

बुधवारी संघाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. शिरीषने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. अर्ध्याअधिक लोकांशी तो वीस वर्षं स्पर्धा करत आला होता. कुणाच्या गेटात कुठल्या ग्राहकाची गाडी उभी असते, हे त्याला पाठ होतं. निधी दाराशी हजेरीचा कागद घेऊन उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, पण हसली नाही. सोमवारी दवाखान्यात काय झालं ते तिला माहीत होतं. खेलावनच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता, "अब दूसर मन ला बताहू?" बाकीच्यांना आता सांगाल ना?

त्याने वीस मिनिटं घेतली नाहीत. आधी पद्धत सांगितली, मग अपघात का झाला ते सांगितलं, मग आपल्याला ते आधीपासून माहीत होतं, हे सांगितलं. हिंदीत बोलताना ते वाक्य त्याला मराठीपेक्षा जड गेलं. मागच्या रांगेत कुणीतरी 'छी' म्हणालं, आणि ते त्याने ऐकलं.

पहिल्या रांगेतून अनंतराव उठले. त्यांनी माइक मागितला नाही. "भाई लोग, ये पानी वाला तरीका मेरा है. मैंने ही सबको सिखाया था. आज भी कौन-कौन पानी डालता है? शरमाओ मत, हाथ उठाओ."

कुणी हललं नाही. मग उजवीकडे एक हात वर गेला. त्याच्या मागे दुसरा. मग मधल्या रांगेत एकदम तीन. शिरीष बघत राहिला. त्याला वाटलं होतं, निरंजनसारखे आणखी एखाद-दुसरे असतील. हात अकरा झाले. अकरा भट्ट्या, आणि प्रत्येक भट्टीच्या तोंडाशी रोज उभी राहणारी पाच-सहा माणसं.

त्यातला एक, पांढऱ्या मिशांचा कारखानदार, हात खाली न करताच उभा राहिला. "हमारी लाइनिंग परसों बदलनी है. पढ़-सुनकर नहीं होगा, शिरीष भाई. कोई आकर करके दिखा दे तो..."

शिरीषने तोंड उघडलं. परवा त्याच्याच कारखान्यात एका मोठ्या ग्राहकाची माणसं तपासणीला येणार होती. ती तारीख त्याने तीन महिने खटपट करून मिळवली होती, आणि ती भिंतीपलीकडेही ठाऊक होती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"परसों इनको काम है," निरंजन उभा राहून म्हणाला. "मैं आ जाऊँगा. मैंने इतवार को ही सीखा है."